दहा लिटरचा हिशेब

एसटीच्या आगारात रोज एक आकडा निघतो. त्याला केपीटीएल म्हणतात. दहा लिटर डिझेलमध्ये बस किती किलोमीटर धावली, एवढंच तो सांगतो. साध्या बसचा हा आकडा पन्नासच्या आतबाहेर असतो, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास. शंभर गाड्यांचं आगार आणि गाडीमागे रोज ३०० किलोमीटर धरले, तर ५० चे ५१ होताच दिवसाला सुमारे ११८ लिटर डिझेल वाचतं. कार्यशाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ही वजाबाकी डोक्यात करायची सवय लागते, आणि निवृत्तीचा नारळ हातात पडला तरी ती सुटत नाही.

कराडजवळच्या ओगलेवाडीत राहणारे असेच एक निवृत्त प्रमुख कारागीर. सगळे त्यांना नाना म्हणतात. घराशेजारी पत्र्याची शेड, शेडमध्ये एक जॅक, बाकडं, पान्यांचा संच, टायमिंग लाइट आणि खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही. ओळखीपाळखीतल्या गाड्या ते बघून देतात. धंदा म्हणून नाही. हाताला काम हवं म्हणून. त्यांच्या या शेडमध्ये एका जुन्या मारुती ८०० वर जे काम झालं, ते गाडी वापरणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. नानांचा पुतण्या साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि पास काढून एसटीनं जात-येत होता. बस बंद झाली तसा त्याला दुसरा मार्ग राहिला नाही. जाऊन-येऊन रोजचे शंभर किलोमीटर. दारात वडिलांची पांढरी मारुती उभी होती, १९९६ ची, एमएच-११ पासिंगची, कार्ब्युरेटरची. पंचवीस वर्षं झाल्यामुळे नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण त्याच वर्षी करून घेतलेलं होतं. तेव्हा त्याची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ मध्ये तीच ५,००० झाली. गाडी कागदांनी पक्की होती, पण पेट्रोल ११० रुपयांच्या घरात होतं.

पहिला पगार हातात आल्यावर पुतण्या शेडमध्ये आला. “नाना, परवडंना ओ. विकून टाकू का?”

“विकायची घाई नगं,” नाना म्हणाले. “आदी ती पिती किती ते तरी बघू.”

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये भारताच्या रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. आजच्या छोट्या गाड्याही तिच्यापेक्षा जड असतात. कमी पेट्रोलमध्ये जायला जे लागतं, ते या गाडीत कारखान्यातूनच भरलेलं होतं. पंचवीस वर्षांत ते कुठं हरवलं, हाच शोध घ्यायचा होता. गाडीत भर काय घालायची हा प्रश्न नानांनी कधी विचारला नाही. तिला अडवतंय काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि माझ्या मते साऱ्या कामाचं यश या प्रश्नात आहे.

सुरुवातीला त्यांनी पान्याला हात लावला नाही. फक्त मोजलं. पुतण्याला सांगितलं, पंप एकच, नोझल एकच, टाकी फुल करताना पहिल्या कटला थांबायचं. पैसे राउंड करायला वरून अजून ओतायचं नाही, कारण २८ लिटरच्या टाकीत तेवढ्यानंही हिशेब हलतो. मग महामार्गावरचे किलोमीटरचे दगड बघून गाडीचं मीटर तपासलं. आधी कुणीतरी हौसेनं अलॉय आणि रुंद टायर बसवले होते. टायरचा घेर मूळच्यापेक्षा मोठा असला की मीटर कमी किलोमीटर दाखवतं, म्हणजे ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. टायर छोटा असला तर उलट. लोक ‘माझी गाडी पंचवीस देते’ म्हणतात, तेव्हा त्यातले किती किलोमीटर रस्त्याचे आणि किती मीटरचे, हे कुणी तपासलेलं नसतं.

दुरुस्त केलेला आकडा निघाला १३. शंभर किलोमीटरला ७.७ लिटर, दिवसाला साडेआठशे रुपये.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतलं पेट्रोल इंजिनही त्यातली पाव हिश्श्याच्या आसपासच कामाला लावतं. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. जो पाव हिस्सा उरतो तो टायरांचं घर्षण, हवेचा विरोध आणि ब्रेक यांत वाटला जातो. नानांनी याच वाटण्या एकेक करून तपासायला घेतल्या, आणि सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीपासून केली: गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवायचं.

पुढचं डावं चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती, त्यामुळे पॅड डिस्कला कायम टेकलेलं राहत होतं. मागं हँडब्रेकची केबल इतकी ताणलेली होती की हँडब्रेक सोडला तरी ड्रममधले शू पूर्ण मोकळे होत नव्हते. हे ओळखायला कसलंही उपकरण लागत नाही. वीसेक किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवायचं, गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात न्यायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असलं, तर पेट्रोल तिथं जळतंय. कॅलिपर खोलून साफ केला, पिनांना त्यासाठीचं वेगळं ग्रीस लावलं, केबल सैल केली, चाकांच्या बेअरिंगची तपासणी झाली, अलाइनमेंट करून घेतली. खर्च काही शेकड्यांतला.

फरक पडला की नाही हे बघायची नानांची रीत साधी आहे. गावाबाहेरच्या सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर पहाटे वारा पडलेला असताना गाडी साठच्या वेगावर न्यायची, न्यूट्रल करायची आणि साठवरून चाळीसवर यायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचं. मग उलट्या दिशेनं तेच, म्हणजे चढ-उतार आणि वारा यांचा हिशेब सुटतो. गाडी जितकी जास्त वेळ पळेल तितकी ती मोकळी. आधी वीस सेकंदांच्या आत येणारा आकडा आता पंचविशीकडे गेला. इंजिनाचा यात काहीच संबंध नाही, त्यामुळे दोष इंजिनात की गाडीच्या खालच्या अंगात, हेही या एका चाचणीत कळतं.

इंजिनात जे सापडलं, त्यावर जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या हजारो जुन्या गाड्यांत ते असण्याची शक्यता आहे. गाडीत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीतरी उन्हाळ्यात गाडी गरम झाली असेल, आणि कुण्या मेस्त्रीनं तो काढून फेकला असेल. वर रेडिएटरचा पंखाही डायरेक्ट केलेला, म्हणजे चावी फिरवली की तो सतत चालू. गाडी गरम होत नाही, मालक खूश.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी छोटी झडप. इंजिनातलं पाणी ऐंशी अंशांच्या पुढे जाईपर्यंत ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन लवकर तापावं आणि नंतर एकाच तापमानावर राहावं यासाठीच ती असते. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. चहाला आधण येऊ लागलं की दर मिनिटाला पातेल्यात गार पाणी ओतावं, तसं. हिवाळ्याच्या सकाळी कराडहून निघालेल्या या गाडीचा तापमानाचा काटा साताऱ्यापर्यंत मधल्या रेषेला पोचत नव्हता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतं. गाडी चालवण्यासाठी मिश्रण घट्ट ठेवावं लागतं, ऑइल दाट राहतं, आणि सिलिंडर झिजतात ते वेगळंच. एसटीत थर्मोस्टॅट काढणं नानांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की गाडी गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, पाण्याचा पंप दमलाय का, गॅस्केट गेलंय का, ते शोधायचं. ताप मोजणारं आणि सांभाळणारं यंत्रच काढून टाकलं तर खरा आजार आत वाढत राहतो. या गाडीतही तेच निघालं. रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळानं बंद होत्या. रेडिएटर रॉडिंग करून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसवला, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं, पंख्याची वायर पुन्हा थर्मो स्विचवर घेतली.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटर. त्याच्या बाजूला एक पत्र्याची वाटी असते आणि तिच्यापासून कार्ब्युरेटरकडे बोटापेक्षा बारीक रबरी नळी जाते. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना इंजिनातल्या पोकळीच्या जोरावर ही वाटी ठिणगी थोडी आधी पाडते, कारण विरळ मिश्रण सावकाश जळतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. नळीला चीर पडली की हे सगळं थांबतं. गाडी सुरू होते, पळते, ओढते. फक्त निवांत चालीत जिथं पेट्रोल वाचायचं, तिथंच वाचत नाही. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. या गाडीतली नळी दोन ठिकाणी फुटलेली होती. बदलायला चहाच्या पैशांइतका खर्च आला.

चोकची केबल पूर्ण परत जात नव्हती, ती मोकळी केली. प्लग बदलले, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटरमध्ये बसवली. टॅपेट सेट केले. कार्ब्युरेटर धुतला, फ्लोटची पातळी बघितली. एअर फिल्टर मातीनं भरला होता. त्याबाबत एक तपशील सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये तपासून पाहिलं, तेव्हा आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत चोंदलेला फिल्टर बदलून ॲव्हरेजमध्ये फरक पडला नाही, कारण संगणक आत येणाऱ्या हवेप्रमाणे पेट्रोलही कमी करतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र २ ते ६ टक्के फरक निघाला. म्हणजे एकच सल्ला पुतण्याच्या मारुतीला लागू पडतो आणि शेजारच्याच्या नव्या गाडीला पडत नाही.

एवढं झाल्यावर टाकीचा हिशेब लिटरला १७ वर आला.

इथं नानांनी वहीत एक नवा रकाना आखला. लिटरला किती किलोमीटर, याच्या शेजारी शंभर किलोमीटरला किती लिटर. १३ वरून १७ म्हणजे ७.७ वरून ५.९, शंभर किलोमीटरमागे १.८ लिटर वाचले. यापुढे १७ चे २१ झाले, म्हणजे तेवढेच चार किलोमीटर वाढले, तर वाचणार १.१ लिटर. वाढ सारखी दिसते, बचत सारखी नसते. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये हाच भ्रम दाखवून दिला होता: किलोमीटरच्या आकड्यावर नजर ठेवणारा माणूस खूप पिणारी गाडी थोडी सुधारण्याचं मोल ओळखत नाही. नानांनी तो लेख वाचलेला नाही. दहा लिटरचे हिशेब करता करता ते तिथं आपोआप पोचले. जुन्या, बिघडलेल्या, दुर्लक्षित गाडीवर केलेली पहिली दुरुस्ती सर्वांत जास्त पेट्रोल परत देते, हे यातून स्वच्छ दिसतं.

आता टायर. अलॉय आणि रुंद टायर विकले, मूळ लोखंडी डिस्कवर मूळ मापाचे १४५/७० आर १२ रेडिअल घेतले. साऱ्या कामातला मोठा खर्च हाच, आणि विकलेल्या अलॉयनी त्यातला काही भागवला. हवा आठवड्याला, सकाळी, टायर थंड असताना. हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि प्रत्येक फेऱ्याला रबर चेपण्यात ऊर्जा जाते. नानांनी दारावरच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा हवा थोडीच जास्त ठेवली, टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या बरीच खाली. त्यापुढे जायला त्यांनी ठाम नकार दिला, कारण पावसात पकड कमी होते. टपावरचा कॅरिअर उतरवला, मागचं स्पीकरचं लाकडी खोकं काढलं, डिकीतली वडिलांच्या काळापासूनची अवजारं घरात गेली.

राहिली हवा, आणि वाऱ्याचा विषय निघाला की जगभरच्या मोठ्या गोष्टी समोर येतात. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स इथल्या नासाच्या केंद्रात एडविन साल्ट्झमन नावाचे अभियंते होते. ते सायकलनं कामाला जात. बाजूनं जाणारे मोठे ट्रक त्यांना आधी बाहेर ढकलत आणि मग आत ओढत. त्यातून १९७० च्या दशकात प्रयोग सुरू झाले. एका व्हॅनभोवती पत्र्याचं चौकोनी खोकं चढवलं आणि मग त्याचे कोपरे बदलत गेले. पुढचे कोपरे आणि कडा गोल केल्या एवढ्यानं हवेचा विरोध ५२ टक्क्यांनी उतरला. पुढं अमेरिकेत २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा अनेकांनी जुन्या गाड्यांना घरीच शेपट्या लावल्या. १९९२ च्या एका होंडा सिव्हिकची कथा त्यात गाजली. मालकानं सुमारे चारशे डॉलरांत तिला निमुळती लांब शेपटी, चाकांवर झाकणं आणि खालून सपाट तळ बसवला. ताशी १०५ किलोमीटरला लिटरमागे चाळीस किलोमीटर मिळतात, असं त्याचं सांगणं होतं. त्याआधी १९७३ मध्ये शेल कंपनीच्या स्पर्धेत १९५९ च्या ओपेल मोटारीनं गॅलनला ३७६ मैल, म्हणजे लिटरला १६० किलोमीटरची नोंद केली. त्यासाठी गाडीतलं नको ते सारं काढून टाकलं होतं, चाकांना साखळीनं ओढ दिली होती, टायर अरुंद आणि कडक होते, वेग अगदी कमी होता.

पुतण्यानं या गोष्टी ऐकून फ्लेक्सवाल्याकडून सनपॅकचे पत्रे आणायची तयारी केली. नानांनी त्याला दोन कारणांनी थांबवलं. पहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकानं ठरवलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. सीएनजी किटला वाट आहे, पण ते मान्यताप्राप्त हवं, आरसीवर नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. शेपटीला तशी वाट नाही. दुसरं कारण रस्त्याचं: तासवडे टोलनाक्यापासून शेंद्र्यापर्यंत गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, दुचाक्या, बैलगाड्या यांच्यातून जाताना गाडीच्या मागं तीन-चार फूट वाढवणं धोक्याचं. मग त्यांनी जे मूळचं होतं तेवढंच परत आणलं. इंजिनाखालचं हरवलेलं संरक्षक कव्हर जुन्या बाजारातून शोधून लावलं. थंडीच्या सकाळी ग्रिलच्या मागं अर्ध्या भागात काढता येणारा तुकडा ठेवला, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून, आणि ऊन चढू लागलं तसा तो काढला.

हवेशी झगडण्याचा फुकटातला उपाय त्यांनी पुतण्याच्या उजव्या पायात शोधला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. या आकाराच्या हलक्या गाडीत पन्नास-साठच्या पुढे तो टायरांच्या विरोधाला मागे टाकतो. ऐंशीऐवजी साठनं गेलं तर हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी कमी होतो. ऐंशीचे शंभर केले तर ५६ टक्क्यांनी वाढतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे, तो याच कारणानं. पन्नास किलोमीटरच्या वाटेवर ऐंशी आणि साठ यांत बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. ही किंमत आहे आणि ती लपवू नये. पुतण्यानं घरातून लवकर निघून ती दिली, डाव्या लेनमध्ये राहून.

ब्रेकचा हिशेब त्याला सर्वांत जास्त पटला. माणसांसकट आठशे किलोची गाडी साठच्या वेगावरून ब्रेकनं थांबवली, की तो वेग परत मिळवायला साधारण १४ मिलिलिटर पेट्रोल लागतं. चहाचे तीन चमचे, दीड रुपया. टोलनाक्याच्या रांगेकडे ऐंशीनं जाऊन ब्रेक मारायचा की अर्धा किलोमीटर आधी पाय उचलायचा, हा दर वेळी दीड-दोन रुपयांचा प्रश्न आहे. लांबवर बघून चालवणारे चालक एसटीत केपीटीएलच्या यादीत वर असायचे, आणि त्यांच्याच गाड्यांचे लायनर जास्त टिकायचे, असा नानांचा अनुभव.

काही गोष्टींना मात्र त्यांनी साफ नकार दिला. उतारावर इंजिन बंद करायचं नाही: ब्रेकला मदत करणारी पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि चावी चुकून पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. घाटात गाडी गिअरमध्येच उतरवायची. हवा अडावी म्हणून ट्रकच्या मागं चिकटायचं नाही. अशी बचत कुणाच्या जिवावर बेतू शकते आणि तिचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

पेट्रोलच्या नळीवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून वायू बनवणाऱ्या बाटल्या यांबद्दलही पुतण्यानं विचारलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत, त्यातल्या फारच थोड्यांत किंचित फायदा दिसला. अनेकदा घडतं ते असं: माणूस उपकरण विकत घेतो, त्याच दिवशी ट्यूनिंग करून घेतो, हवा भरतो, जपून चालवू लागतो आणि श्रेय चुंबकाला देतो. म्हणून नाना एका वेळी एकच बदल करतात आणि पुढची टाकी मोजल्याशिवाय दुसरा करत नाहीत.

हिवाळा संपेपर्यंत आकडा २१ वर स्थिरावला. शंभर किलोमीटरला ७.७ लिटर लागायचे, ते ४.८ लागू लागले. रोजची बचत तीनशे रुपयांच्या वर. टायर सोडले तर बाकी साऱ्या कामाचा खर्च पहिल्याच महिन्याच्या बचतीतून निघाला. संप मिटल्यावर पुतण्या पुन्हा पासावर गेला. एसटीच्या पासाला २१ चं ॲव्हरेजही हरवू शकत नाही, हे नानांनीच त्याला हिशेब करून दाखवलं. रात्रपाळीला मात्र तो गाडी नेतो.

अलीकडे वहीतला आकडा थोडा खाली आला आहे. त्याचं कारण गाडीत नाही. २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीसवर. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नव्या गाड्यांचा संगणक मिश्रण जुळवून घेतो. १९९६ च्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही आणि मिश्रण विरळ होतं. जुनी रबरी नळीही इथेनॉलमध्ये फुगते, चिरते. नानांनी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, फिल्टर बदलला, मिश्रणाचा स्क्रू पुन्हा बसवला आणि प्लगचा रंग बघत राहिले. ज्यांच्याकडे अशा वयाच्या गाड्या आहेत त्यांनी हे काम पुढं ढकलू नये. चिरलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा ॲव्हरेजचा नाही, आगीचा प्रश्न आहे.

तुमच्याकडे जुनी मारुती, झेन, पद्मिनी असं काही उभं असेल आणि ती फार पिते म्हणून भंगारात घालायचं मनात असेल, तर त्याआधी एक टाकी नीट मोजा, चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवा, आणि तुमच्या मेस्त्रीला विचारा की गाडीत थर्मोस्टॅट आहे का. नसेल, तर आधी रेडिएटर तपासून घ्या आणि मग तो बसवायला सांगा.